किहीमची सुगरण आणि भरतपूरची बदके

अलिबागहून मांडव्याच्या दिशेने निघाले की दहा-बारा किलोमीटरवर किहीम लागते. मुंबईकर तिथे समुद्रासाठी जातात. शनिवारी संध्याकाळी पोहोचतात आणि रविवारी रात्री परततात. याच गावात १९३० सालच्या पावसाळ्यात तेहेतीस वर्षांचा एक बेकार गृहस्थ तासन् तास सुगरणीची घरटी पाहत बसे. नोकरी नुकतीच गेलेली, हाती पदवी नाही, मुंबईत राहणे परवडणारे नाही. म्हणून तो पत्नीसह कुटुंबातल्या एका साध्या घरात राहायला आला होता. त्या चार महिन्यांत त्याने सुगरणीबद्दल जे शोधले, त्याने पक्षिशास्त्रात त्याचे नाव झाले. पुढच्या अर्ध्या शतकात भारतातली अनेक पाणथळी आणि जंगले वाचवण्याच्या कामात तेच नाव उपयोगी पडले. ते नाव होते सालिम मोइझुद्दीन अब्दुल अली, म्हणजेच आपले डॉ. सालिम अली.

त्यांच्या जन्मदिनाच्या, १२ नोव्हेंबरच्या निमित्ताने महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. त्यांच्या आयुष्याची गोष्ट आपण बहुधा पक्षीप्रेमाची गोष्ट म्हणून ऐकतो. पण तिच्यात आणखी एक धागा आहे आणि रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी तो आज जास्त महत्त्वाचा आहे. एखाद्याच्या मालकीची जमीन सर्वांच्या राखीव रानात कशी बदलते आणि त्या बदलाची किंमत कोण मोजतो, असा तो प्रश्न आहे.

पिवळ्या गळ्याची चिमणी

सालिम अलींचा जन्म १८९६ सालचा, मुंबईचा. घरातले हे शेंडेफळ. वर्षभराचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे होईपर्यंत आईही गेली. खेतवाडीत राहणारे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि निपुत्रिक मामी हमिदा बेगम यांनी या भावंडांना वाढवले. तय्यबजी हे मुंबईतले नामवंत घराणे. गुजरातेत गांधीजींच्या चळवळीत उतरलेले अब्बास तय्यबजी हेही याच घराण्यातले.

मामा शिकारी होते. मुलाच्या हाती छऱ्याची खेळण्यातली बंदूक आली आणि तो चिमण्या टिपू लागला. त्यातली एक चिमणी वेगळी निघाली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खायला चालते की नाही, अशी शंका आली. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, ती पीतकंठी चिमणी म्हणजे रानचिमणी होती. मग त्यांनी कपाटांचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरून जतन केलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले. पुढचे सारे आयुष्य त्या एका दुपारीतून निघाले, असे सालिम अली मानत. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रालाही त्यांनी त्या चिमणीचेच नाव दिले.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. भारतातल्या पक्षिसंरक्षणाची सुरुवात शिकाऱ्याच्या घरात झाली आहे. सालिम अली स्वतः बंदूक चालवत. शास्त्रीय नमुन्यांसाठी पक्षी मारावे लागतात, हे त्यांनी कधी लपवले नाही. जीवदयेच्या भावनेपेक्षा पक्ष्याचा अधिवास टिकणे त्यांना महत्त्वाचे वाटे. आजच्या वाचकाला हे खटकेल, पण पुढची गोष्ट समजायला ते उपयोगी आहे.

पदवी नाही, नोकरी नाही

शाळेत त्यांचे फारसे चमकले नाही. लहानपणी डोकेदुखीचा त्रास इतका की हवापालटासाठी सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवावे लागले. १९१३ साली मॅट्रिक कशीबशी पार पडली. सेंट झेवियर्स कॉलेज अर्ध्यावर सुटले आणि ते ब्रह्मदेशात तव्हॉय इथे गेले. कुटुंबाचा तिथे वुल्फ्रामच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. धंद्यात लक्ष कमी आणि आजूबाजूच्या जंगलात जास्त. १९१७ साली परत आल्यावर त्यांनी हिशेबनीस होण्यासाठी व्यापारी कायदा आणि जमाखर्च शिकायला सुरुवात केली. झेवियर्सचे फादर ब्लॅटर यांनी मात्र मुलाचा कल ओळखला आणि त्याला प्राणिशास्त्राकडे वळवले. १९१८च्या डिसेंबरात तहमीना बेगम यांच्याशी त्यांचे लग्न झाले.

रीतसर विद्यापीठीय पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागातली पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविभागात येणाऱ्यांना माहिती सांगण्याची नोकरी मिळाली. दोन वर्षांत तिचाही कंटाळा आला. रजा घेऊन ते बर्लिनला गेले आणि तिथल्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान या त्या काळातल्या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. हेल्गोलांड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचे स्थलांतर कसे अभ्यासतात, तेही पाहिले. १९३० साली मायदेशी परतले, तेव्हा पैशांअभावी त्यांची म्युझियममधली जागाच रद्द झाली होती.

अशा अवस्थेत ते किहीमला आले.

घरटे सुगरण बांधत नाही

कोकणातल्या कोणत्याही पावसाळ्यात दिसणारे दृश्य त्यांच्या डोळ्यांसमोर होते. शेतात भाताची रोपे, बांधावरच्या झाडांना लटकलेले खोपे आणि पिवळ्या माथ्याच्या पाखरांची अखंड लगबग. मराठीने या पक्ष्याला सुगरण म्हटले आणि बहिणाबाई चौधरी यांच्या कवितेने तिचा खोपा घराघरांत पोहोचवला. गंमत अशी की खोपा बांधतो तो नर. मादीचा त्यातला वाटा वेगळाच असतो आणि तोच सालिम अलींनी रोजच्या नोंदींतून उलगडला.

नर गवताच्या आणि झावळीच्या लांब पट्ट्या चोचीने फाडून आणतो आणि शेकडो फेऱ्या करत घरटे विणतो. ते अर्ध्यावर, उलट्या टोपीच्या आकाराचे झाले की तो थांबतो. मग माद्यांचा थवा वस्तीवर उतरतो. नर पंख फडफडवत, किलबिलाट करत आपापले बांधकाम दाखवू लागतात. मादी आत शिरते, विणकाम ओढून पाहते. पसंत पडले नाही तर निघून जाते. पसंत पडले तर जोडी जमते, नर उरलेले घरटे पुरे करतो आणि खाली लांब नळीचे प्रवेशद्वार विणतो. मादी आत अंडी घालते आणि उबवते. तेवढ्यात नर जवळच दुसरे घरटे सुरू करतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. तीही आली तर तिसरे. म्हणजे एकाच हंगामात एका नराच्या एकापाठोपाठ एक अशा अनेक जोड्या जमतात. घर कोणाचे टिकायचे, हा निर्णय मात्र मादीचा.

त्या काळी पक्ष्यांवरचे भारतातले बहुतेक लेखन संग्रहालयातल्या कातड्यांवर आधारलेले होते. पिसांचा रंग, चोचीची लांबी, नवी उपजात. जिवंत पक्षी काय करतो, हे महिनोन् महिने एका जागी बसून पाहण्याची पद्धत नवी होती. किहीमच्या नोंदी १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या आणि परदेशातल्या अभ्यासकांचे लक्ष त्यांच्याकडे गेले. नोकरी गेली नसती तर हा पावसाळा मिळाला नसता, असे पुढे स्वतः सालिम अलींनाही वाटे.

राजेमहाराजांच्या पैशांवर पक्षी

पगाराची आशा सुटल्यावर त्यांनी एक नवी वाट शोधली. देशात शेकडो संस्थाने होती आणि अनेक संस्थानिकांना आपल्या राज्यातल्या प्राणीपक्ष्यांचा अभिमान होता. प्रवासाचा आणि तळाचा खर्च संस्थानाने द्यावा, आपण विनामोबदला पक्ष्यांचे सर्वेक्षण करू, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. हैदराबादने तो प्रथम मान्य केला. त्यानंतर त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, कच्छ असा सिलसिला सुरू झाला. बैलगाड्या, तंबू, मच्छरदाण्या आणि सोबत तहमीना, असा हा संसार होता. १९३९ साली एका छोट्या शस्त्रक्रियेनंतर तहमीना गेल्या. सालिम अली कोलमडले. नंतर ते बहीण आणि मेहुण्यांकडे राहू लागले आणि कामात बुडाले. १९४१ साली त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. सामान्य माणसाला घराभोवतीचे पक्षी ओळखता यावेत, यासाठी चित्रांसह लिहिलेले हे पुस्तक आजही निघते.

संस्थानांतल्या या भटकंतीत त्यांनी एक गोष्ट जवळून पाहिली. जिथे राजाचे शिकारीचे रान राखलेले असे, तिथे झाडेही टिकत, पाणवठेही आणि जनावरेही. याचा अर्थ राजे निसर्गप्रेमी होते, असा नाही. राजाला आणि त्याच्या गोऱ्या पाहुण्यांना सावज कमी पडू नये, म्हणून रान राखले जाई. अनेक संस्थानांत पिकात घुसणाऱ्या डुकराला हात लावण्याचीही रयतेला मुभा नसे. हेतू स्वार्थी, पण परिणामी जंगल उरले. स्वातंत्र्यानंतर ही राने कोणाची, हा प्रश्न देशभर उभा राहिला. गीर हे जुनागढच्या नवाबाचे, बंदीपूर म्हैसूरच्या महाराजांचे, रणथंबोर जयपूरचे. आपली अनेक नामांकित राष्ट्रीय उद्याने एकेकाळी कुणा एकाच्या मालकीची शिकारीची राने होती.

भरतपूरची दलदल

यातले सालिम अलींच्या सर्वांत जवळचे म्हणजे भरतपूरचे केवलादेव घना. क्षेत्र जेमतेम २९ चौरस किलोमीटर. ती मूळची सखल जमीन. भरतपूरच्या राजांनी तिथे अजान बांधाचे पाणी वळवले, छोटे बांध आणि झडपा घातल्या आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या बदकांसाठी दलदल तयार केली. बदके यावीत म्हणून पाणी आणि पाणी आले म्हणून बंदुका. कोणत्या दिवशी कोण पाहुणा आला आणि किती पक्षी पडले, याची नोंद तिथल्या दगडी फलकावर आजही वाचायला मिळते. सर्वांत मोठा आकडा १२ नोव्हेंबर १९३८चा आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्याने त्या एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. योगायोग असा की त्याच दिवशी सालिम अलींना बेचाळीस वर्षे पूर्ण झाली.

स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि आसपासच्या शेतकऱ्यांनी मागणी केली की ही दलदल कोरडी करून जमीन कसायला द्यावी आणि बांधाचे पाणी शेतीला सोडावे. मागणी अवास्तव नव्हती. देशात धान्याची टंचाई होती आणि राजाच्या चैनीसाठी राखलेले पाणी आता लोकांचे का नसावे, हा प्रश्न रास्तच होता. सालिम अलींनी पंतप्रधान नेहरूंकडे शब्द टाकला. नेहरूंना निसर्गाची आवड होती आणि त्यांना सालिम अलींच्या कामाची माहिती होती. दलदल वाचली. शिकारीचा हक्क मात्र महाराजांकडे १९७२ पर्यंत राहिला. म्हणजे पाव शतकभर तिथे एकाच वेळी पक्ष्यांचा अभ्यासही चाले आणि शिकारीचा हक्कही कायम होता. पुढे वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९८१ साली हे क्षेत्र रामसर यादीत गेले, १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९८५ साली जागतिक वारसा स्थळ.

गोचिडीने दिलेला निधी

भरतपूरच्या अभ्यासाला पैसा कुठून आला, ही गोष्ट आरोग्याच्या वाचकांना रंजक वाटेल. १९५७ साली तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरून पडू लागली आणि माणसांना तीव्र ताप, डोकेदुखी, रक्तस्राव असा आजार होऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्याचा विषाणू शोधला. तो गोचिडीतून पसरत होता आणि रशिया-सायबेरियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते. साहजिकच शंका आली की सायबेरियातून येणारे स्थलांतरित पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडींबरोबर हा विषाणू इथे आणत असतील का?

सालिम अलींना बर्लिनपासून पक्ष्यांना कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करायचे होते, पण त्यासाठी कोणी पैसे देत नव्हते. आता जागतिक आरोग्य संघटनेला उत्तर हवे होते. तिच्या मदतीने सोसायटीचा स्थलांतर प्रकल्प सुरू झाला. भरतपूर आणि इतर ठिकाणी पक्षी जाळ्यात धरायचे, अंगावरच्या गोचिडी तपासायच्या, पायात क्रमांकाचे कडे घालायचे आणि सोडून द्यायचे. यातली काही कडी हजारो किलोमीटरवरून, मध्य आशिया आणि सायबेरियातून परत कळली आणि भारतात येणारी बदके कुठून येतात, याचा पहिला पक्का नकाशा तयार झाला. पुढे याच प्रकल्पाला अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी मिळाल्यावरून संसदेत वादही झाला.

पक्षी निर्दोष ठरले. विषाणू इथलाच होता. जंगल तोडून माणूस आणि गुरे आत शिरली, तसा गोचीड, माकड आणि माणूस यांचा संबंध वाढला, हे नंतर स्पष्ट होत गेले. कोकणाला हे परके नाही. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग आणि बांदा परिसरात हाच माकडताप आढळला आहे. काजूच्या बागांत आणि जंगलाच्या कडेला काम करणाऱ्यांना त्याचा धोका असतो. अंगभर कपडे, घरी आल्यावर गरम पाण्याची आंघोळ, गोचीड दिसली तर ती काढणे आणि ताप आल्यास जंगलात गेल्याचे डॉक्टरांना सांगणे, एवढी काळजी तरी घ्यावी.

म्हशी हटवल्या आणि गवत माजले

सालिम अलींच्या हातून चुका झाल्या नाहीत असे नाही. भरतपूरची सर्वांत मोठी चूक म्हशींच्या बाबतीत झाली. पिढ्यान् पिढ्या आसपासच्या गावांच्या म्हशी त्या दलदलीत चरत. राष्ट्रीय उद्यान म्हणजे माणसांचे सगळे हक्क संपले, असा कायदा. अभयारण्यात काही हक्क चालू राहू शकतात, राष्ट्रीय उद्यानात नाही. १९८२ साली चराई बंद झाली. सालिम अलींसह बहुतेक तज्ज्ञांचा या बंदीला पाठिंबा होता, कारण गुरे पक्ष्यांना त्रास देतात असा समज होता. गावकरी संतापले, पोलिसांशी चकमक झाली आणि गोळीबारात काही गावकऱ्यांचा जीव गेला.

पुढे काय झाले, हे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासातून बाहेर आले. म्हशी गेल्यावर पाण्यातले गवत बेसुमार वाढले, उघडे पाणी कमी झाले आणि अनेक पाणपक्ष्यांना ती जागा पूर्वीसारखी उपयोगाची राहिली नाही. म्हशी त्या दलदलीच्या व्यवस्थेचाच भाग होत्या. त्यानंतर गावकऱ्यांना गवत कापून न्यायची परवानगी देण्यात आली. आपल्या संस्थापुरुषाने पाठिंबा दिलेला निर्णय चुकला, हे त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आकडे मांडून सांगितले. विज्ञानाच्या बाजूने यातली ही चांगली गोष्ट. मेलेल्या गावकऱ्यांना मात्र तिचा उपयोग नव्हता.

आपल्या शेजारचे फणसाड

आता रायगडकडे परत येऊ. भरतपूरची गोष्ट आपल्या किनाऱ्यावरही घडली आहे, फक्त तिच्याभोवती एवढा गाजावाजा नाही. किहीमच्या दक्षिणेला मुरूड-जंजिऱ्याचे सिद्दी संस्थान होते. नवाबांचे शिकारीचे राखीव रान समुद्राला लागून असलेल्या डोंगरांत होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, रान सरकारकडे आले आणि १९८६ साली त्याचे फणसाड अभयारण्य झाले. पन्नास चौरस किलोमीटरांहून जास्त असलेल्या या रानाला एका बाजूला खाडी आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला दाट झाडी. इथे बारमाही पाणवठ्यांना गाण म्हणतात. शेकरू, बिबट्या, सांबर, भेकर आणि हाताएवढ्या शेंगांचा गारंबीचा वेल ही इथली ओळख. किनाऱ्याजवळ इतके जंगल उरण्याचे मोठे कारण म्हणजे नवाबाची शिकारीची हौस. हे विचित्र वाटते, पण तसेच आहे.

फणसाड उद्यान नसून अभयारण्य असल्याने कडेच्या वाड्यांचे त्या रानाशी नाते पूर्ण तुटलेले नाही. भरतपूरचा धडा पाहता हे बरेच म्हणायचे.

आयुष्याच्या उत्तरार्धात सालिम अलींनी केरळच्या सायलेंट व्हॅलीच्या रक्षणासाठीही आपले वजन खर्च केले. तिथला धरणप्रकल्प रद्द होऊन १९८४ साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण आणि १९८५ साली राज्यसभेवर नियुक्ती झाली. अमेरिकी पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासह लिहिलेला भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला होता. गेटी पुरस्काराची मोठी रक्कम मिळाली, तेव्हा ती त्यांनी निसर्गसंवर्धनाच्या निधीसाठी दिली. १९८७ साली, नव्वदी ओलांडल्यावर, प्रोस्टेटच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

आज जमीन कोणाची?

राजे गेले, नवाब गेले. आता खासगी जमिनीतून राखीव राने तयार होऊ शकतात का? जगात तशी उदाहरणे आहेत. अमेरिकेत जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी १९२७ पासून एका कंपनीच्या नावाने गुपचूप जमिनी घेतल्या आणि १९४९ साली ३० हजार एकरांहून अधिक जमीन सरकारला दान केली. आजच्या ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानाचा तो भाग आहे. चिलीमध्ये डग्लस आणि क्रिस टॉम्पकिन्स या दांपत्याने घेतलेल्या सुमारे दहा लाख एकर जमिनी २०१८ साली राष्ट्रीय उद्यानांत गेल्या. दोन्ही ठिकाणी सुरुवातीला स्थानिकांचा कडवा विरोध झाला. पैसेवाला माणूस आपली जमीन घेऊन आपल्यालाच बाहेर काढणार, ही त्यांची भीती होती आणि ती अगदी निराधार नव्हती.

कोकणात चित्र उलटे आहे. इथे एका मालकाकडे हजारो एकर नाहीत. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात, त्यातली निम्मी मुंबईत. डोंगरउतारावरचे बरेच रान खासगी मालकीचे आहे. मांडव्याची बोट आणि नवे रस्ते यांमुळे अलिबाग-किहीम पट्ट्यात जमिनीचे भाव वाढले आहेत आणि भातखाचरे, बांध, जुन्या विहिरी बंगल्यांच्या कुंपणाआड जात आहेत. कायद्याने काही दारे उघडली आहेत. २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार गावाची किंवा खासगी जमीन मालकांच्या राजीखुशीने सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकते. त्यात मालकी तशीच राहते आणि व्यवस्थापनात गावाचा वाटा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीवर घातलेल्या बंदीतून खासगी जमिनीवरचे कांदळवनही सुटले नाही. आणि देवराईची जुनी रीत तर आपल्याकडे कायद्याच्याही आधीची आहे.

त्याहून छोटी गोष्ट प्रत्येकाच्या हातातली आहे. किनाऱ्यावर आपली जमीन किंवा वाडी असेल, तर विहिरीवर झुकलेली शिंदी, बांधावरची बाभूळ किंवा उंच ताड सपाटीकरणात पाडण्याआधी त्यावर खोपे आहेत का, ते पाहावे. जून ते सप्टेंबर हा सुगरणीचा हंगाम. पिल्ले उडून जाईपर्यंत थांबले तर आपले काही बिघडत नाही. तिला उंच झाड, खाली पाणी आणि जवळ गवत किंवा भाताचे शेत लागते. या तिन्हींपैकी एक गेले तरी ती वस्ती सोडते.

सालिम अलींनी १९३० साली किहीममध्ये जे पाहिले, ते कोणत्याही अभयारण्यात घडत नव्हते. ते साध्या शेतकऱ्यांच्या बांधांवर घडत होते. त्या जमिनी कोणी राखीव केल्या नव्हत्या. त्यांचे मालक फक्त तिथे राहत होते, शेती करत होते आणि पाखरांना जागा देत होते. यंदाच्या पावसाळ्यात किहीमला गेलात, तर समुद्राकडे पाठ करून थोडा वेळ शेतांकडे पाहा. एखादा पिवळ्या माथ्याचा नर अर्ध्या घरट्याला उलटा लटकून मादीची वाट पाहत असेल. ते दृश्य पुढच्या पिढीलाही तिथेच दिसावे की नाही, हे यापुढे त्या बांधांचे मालक ठरवतील. त्यांतले काही जण कदाचित हा लेख वाचत असतील.